नखरे झाडाचे नाहीत

कॅलेथिया घरात आणलं की वर्षभरात एक निकाल कानावर पडतोच: हे झाड फार नखरेल आहे. नर्सरीवाला पैसे घेऊन झाल्यावर हे सांगतो. शेजारी माना टाकलेली पानं पाहून सांगतात. शेवटी झाड कचऱ्यात गेलं की ज्याच्या घरात ते मेलं तोही तेच सांगू लागतो. हल्ली तर त्याला ‘ड्रामा क्वीन’ म्हणून हसण्यावारी न्यायची पद्धत पडली आहे.

हे मत पुरतं मांडायचं तर असं असतं. ही झाडं परदेशी, ती आपल्याकडे रुळत नाहीत. त्यांना रोज पाणी घालावं लागतं, फवारा मारावा लागतो, काहीबाही खाऊ घालावं लागतं, आणि एवढं करूनही पानं लोंबतात, कडा करपतात. ज्याच्या हाताला गुण असतो त्याच्याकडेच ती जगतात. बाकीच्यांनी मनी प्लांट लावावा आणि समाधान मानावं.

मला या मताची चीड येते. ते चुकीचं आहे म्हणून येतेच, पण त्याहून जास्त येते ती यासाठी की या मतामुळे झाडं मरतात आणि मेल्यावर दोषही त्यांच्याच माथी बसतो. यातला एकेक दावा तपासून पाहायला हवा.

आधी परदेशीपणाचा. कॅलेथिया अमेरिका खंडाच्या उष्ण जंगलांतलं आहे, यात वाद नाही. पानावर मोरपिसाची नक्षी असणारी मकोयाना पूर्व ब्राझीलची, गुलाबी रेघांची ऑर्नाटा कोलंबिया-व्हेनेझुएलाकडची, मोठ्या गोल पानांची ऑर्बिफोलियाही दक्षिण अमेरिकेचीच. २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी यातल्या बहुतेक जाती गोपर्टिया या नावाखाली हलवल्या, पण नर्सरीत आणि घरात जुनंच नाव चालतं. आता मला सांगा, परदेशातून आलेलं झाड आपल्याकडे रुळत नाही हा नियम कोणी केला? काजू ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, आणि आज काजूवाचून गोव्याची किंवा तळकोकणाची कल्पनाही करता येत नाही. मिरची, पेरू, पपई, अननस, चिकू हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. त्यांना आपण जागा दिली, माती दिली, ते राहिले.

आणि नातंच पाहायचं असेल तर कॅलेथिया आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. आरारूट ज्या कंदापासून निघतं तो मरांटा याच कुळातला. हे कूळ ज्या गणात मोडतं त्याच गणात आलं आहे, हळद आहे, केळ आहे आणि परसातली कर्दळ आहे. कर्दळीला कोणी नखरेल म्हटलेलं ऐकलं आहे का?

दुसरा दावा सर्वांत घातक. पान वाकलं म्हणजे झाडाला तहान लागली, तेव्हा पाणी घाला.

पान ताठ राहतं ते पेशींमधल्या पाण्याच्या दाबामुळे. तो दाब कमी झाला की पान लोंबतं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि इथेच सगळे थांबतात. दाब कमी का झाला, हे कोणी विचारत नाही. मातीत पाणी नसेल तर तो कमी होतो. मातीत भरपूर पाणी असेल पण मुळांना ते उचलता येत नसेल, तरीही कमी होतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा पान सारखंच दिसतं. घरातली कॅलेथिया बहुतेक वेळा दुसऱ्या कारणानं माना टाकते आणि आपण उपाय पहिल्या कारणावरचा करतो.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन ती वापरतात. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा बाहेर पडते, आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश. मुळांच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घेणाऱ्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा असतात; याच वाटा शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशीत आम्लता वाढते आणि या वाटा मिटतात. मग मूळ पाण्यात बुडालेलं असतं आणि पानापर्यंत थेंब पोचत नाही. याच सुमाराला पिथियमसारखे मूळकुजीचे जीव कामाला लागतात; त्यांचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात. पांढरी, टणक मुळं तपकिरी होतात, मऊ पडतात, त्यांची साल बोटात निघून येते. अशा झाडासमोर झारी घेऊन उभं राहणं म्हणजे त्याचा उरलासुरला श्वास बंद करणं. हे करणारा माणूस मायेनं करतो, हे मला ठाऊक आहे. त्यानं मुळाला काय फरक पडतो?

हा समज रुजला कुठून? मला वाटतं, पीस लिलीकडून. ती तहानली की सगळी पानं एकदम खाली सोडते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिला की माणूस तोच नियम घरातल्या प्रत्येक कुंडीला लावतो. पण मुळं कुजल्यावर पीस लिलीही तशीच लोंबते, आणि तेव्हा मात्र कितीही पाणी घातलं तरी ती उठत नाही. म्हणजे ज्या झाडावरून नियम काढला, त्या झाडालाही तो पुरता लागू नाही.

शिवाय कॅलेथियाचं प्रत्येक हलणं हे आजारपण नसतंच. तिच्या पानाच्या देठाला वरच्या टोकाशी फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशी पाणी आत-बाहेर करतात, त्यामुळे पानं संध्याकाळी वर उभी राहतात आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. वनस्पतींच्या या झोपेवर चार्ल्स डार्विननं मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीनं लिहिलेल्या १८८० सालच्या ग्रंथात पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. आणि आपण? सकाळी पान आडवं दिसलं की ‘वाकलं’ म्हणून पाणी घालतो. निरोगी झाडाला आजारी पाडायची याहून सोपी रीत नाही.

मला सर्वांत खटकतं ते हे की यातली मुख्य गोष्ट मराठी माणसाला बाहेरून कोणी शिकवायची गरज नव्हती. सातारा भागात आलं करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो गादीवाफ्यावर लागवड का करतो. पावसाळ्यात आल्याचे शेंडे मलूल दिसले, पानं पिवळी पडू लागली, तर तो शेतात आणखी पाणी सोडतो का? तो चर काढतो, साचलेलं पाणी बाहेर घालवतो, एखादा गड्डा उकरून कंदकूज लागली का ते पाहतो. आल्याच्या आणि हळदीच्या कंदकुजीमागेही तेच पिथियम असतं. सांगलीकडच्या हळदकऱ्याला निचरा म्हणजे काय ते समजावून सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे आश्चर्यानं पाहील. मातीत ओल आणि हवा दोन्ही एका वेळी असाव्यात, वाफसा असावा, हे आजोबांना पाठ होतं. नातवंडं फ्लॅटमध्ये त्याच गणातलं झाड आणतात, कुंडीत चिखल करून ठेवतात आणि वर झाडाच्या स्वभावाला नावं ठेवतात. शेतातली अक्कल उंबऱ्याबाहेर का राहिली?

‘रोज थोडं थोडं पाणी घाला’ हा सल्ला याच विसरण्यातून आला आहे. रोजच्या पेलाभर पाण्यानं वरची माती कायम ओली राहते आणि खालच्या मुळांना काय मिळतं आहे याचा पत्ताच लागत नाही. त्यात कुंडी चिनी मातीची, सुबक आणि बिनभोकाची असेल तर तळाशी पाणी साचत जातं. प्लॅस्टिकची कुंडी शोभेच्या भांड्यात ठेवली असेल तर त्या भांड्यात काय साठलं आहे हे कित्येक घरांत महिनोन् महिने कोणी पाहिलेलं नसतं. आणि नर्सरीतून येताना मुळांभोवती बहुधा चिकट लाल मातीचा गोळा असतो. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून तो सोयीचा, पण कुंडीत बसल्यावर तो ओला असताना चिखल आणि वाळला की विटेसारखा. पाणी त्याच्या कडेनं निसटून खाली जातं आणि आतला गाभा एक तर चिंब राहतो किंवा ठणठणीत.

या झाडाला हवं ते इतकंच: भुसभुशीत मिश्रण, म्हणजे कोकोपीटमध्ये पर्लाइट किंवा भाताचं तूस, थोडं चाळलेलं गांडूळखत; तळाला मोकळी भोकं; वरचा साधारण इंचभर थर सुकल्यावर तळातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी; आणि खालच्या बशीतलं पाणी ओतून टाकणं. कुंडी पूर्ण कोरडी पडलेली तिला चालत नाही, तशी दलदलही चालत नाही. ही मागणी अवाजवी आहे का? कुठल्याही भाजीच्या रोपाची हीच असते.

तिसरा दावा सावलीचा. झाड सावलीतलं आहे, तेव्हा ते सोफ्याच्या मागे, टीव्हीच्या शेजारी, बाथरूमच्या दाराजवळ कुठेही चालेल, असं ठामपणे सांगितलं जातं. इथे आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं. घनदाट पर्जन्यवनाच्या जमिनीवर त्यातला एक-दोन टक्के उजेड पोचतो, म्हणजे हजार-दोन हजार लक्स. खिडकीपासून दहा-बारा फूट आतल्या कोपऱ्यात, तेही पडदा ओढलेला असताना, शंभर लक्ससुद्धा मिळणं कठीण. आपली बुबुळं जुळवून घेतात म्हणून तो कोपरा आपल्याला उजळ वाटतो. झाडाला तशी सोय नाही. जंगलातल्या ज्या सावलीचा दाखला आपण देतो, ती सावली आपल्या हॉलच्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असते.

आणि उजेडाचा प्रश्न पुन्हा पाण्याकडेच येतो. उजेड कमी म्हणजे अन्न कमी, वाढ कमी, पानांतून जाणारं पाणीही कमी. मग कुंडीतली ओल उतरत नाही, मुळं गुदमरतात, पानं माना टाकतात आणि कोणीतरी झारी उचलतो. उन्हाची थेट तिरीप पानावर नको, पण पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, किंवा पातळ पडद्याआड, किंवा गॅलरीच्या छपराखाली हे झाड सुखात राहतं. जागा बदलायला पैसा पडत नाही. तरी हा उपाय सगळ्यात शेवटी सुचतो, आणि बऱ्याचदा सुचतच नाही.

आता दमट हवेकडे येऊ, कारण इथे प्रतिपक्षाला थोडी जागा द्यावी लागते. कॅलेथियाला हवेत ओल लागते, हे खरं. पण या एका खऱ्या गोष्टीवर जे उपचार उभे केले आहेत ते बघा. दिवसातून दोन-तीनदा पानांवर फवारा मारायचा. त्यानं खोलीतली ओल काही मिनिटांपुरती वाढते आणि पाणी उडालं की हवा होती तशी होते. पानांवर क्षारांचे पांढरे डाग मात्र राहतात, आणि थेंब रात्रभर साचून राहिले तर बुरशीचे ठिपके येतात. फवारा मारून काहीतरी केल्याचं समाधान माणसाला मिळतं. झाडाच्या पदरात काय पडतं?

खरा फरक जागेचा आहे, आणि तो गणितानं दाखवता येतो. हवेचं तापमान २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवा पानातून जितक्या जोरानं पाणी ओढते, त्याच्या आठ पटींहून अधिक जोरानं ती ३८ अंशांना आणि २० टक्के आर्द्रतेला ओढते. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हवा वर्षातला बराच काळ पहिल्या स्थितीच्या आसपास असते. नागपूर-अकोल्याकडची मे महिन्यातली दुपार दुसऱ्या स्थितीची. पुण्याचा एप्रिल या दोन टोकांच्या मध्ये, पण विदर्भाकडे झुकलेला. म्हणून कोकणपट्टीत राहून ‘हे झाड आमच्याकडे जगतच नाही’ म्हणणाऱ्यांनी हवेला दोष देऊ नये. त्यांची चूक कुंडीत शोधावी. विदर्भात कूलर लावणाऱ्या घरांना एक फायदा आहे, कारण कूलर हवेत ओल सोडतो. झाड फक्त त्याच्या थेट झोतात ठेवू नये. एसी मात्र हवेतली ओल काढून घेतो. रात्रंदिवस एसी चालणाऱ्या बंद केबिनमध्ये, झोताच्या वाटेत ठेवलेल्या कॅलेथियाच्या कडा करपणारच. आणि कोरड्या प्रदेशात, कूलर नाही, झाडं एकत्र ठेवायला जागा नाही, अशी स्थिती असेल तर हे झाड घेऊ नये, हे मी स्वतः सांगेन. पण तो निर्णय त्या जागेबद्दलचा झाला. पाण्याबाहेर मासा तडफडतो म्हणून त्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

घरगुती खुराकांचं थोडक्यात. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळीच्या सालींचं पाणी, आंबट ताक हे सगळं मलूल झाडाच्या कुंडीत ओतलं जातं. मूळ गुदमरलेलं असताना वरून कुजणारा माल घातला की उरलासुरला ऑक्सिजन तो कुजवणारे जीव वापरतात, आणि चिलटं होतात ती वेगळी. आजारी मुळांना खत नको असतं. आधी नवी पांढरी मुळं येऊ द्यावीत, मग पातळ खत द्यावं.

एक उपद्व्याप मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो चांगल्या हेतूनं होतो. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घातलं जातं. पाणी वाचवायची तळमळ योग्यच आहे. पण त्या पाण्यात काय असतं? मशीन पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढून टाकतं, ते सगळे त्या पाण्यात एकवटलेले असतात. मूळ पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल, जसं शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांमध्ये असतं, तर ते आधीच जड; आरओनंतर बाहेर पडणारं त्याहून जड. कॅलेथियासारखं पातळ पानांचं झाड हे क्षार पानाच्या टोकाशी आणि कडांशी साठवतं, आणि तिथली पेशी मरते. मग ती तपकिरी कड दाखवून लोक म्हणतात, बघा, किती नाजूक. त्या पाण्यानं फरशी पुसावी, संडास धुवावा. कुंडीसाठी पावसाचं पाणी साठवावं, आणि उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरावं. ते हवेतल्या ओलीचंच पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एकाच घरात गॅलरीत हे पाणी गटारात जातं आणि स्वयंपाकघरातलं क्षारांचं पाणी झाडाला मिळतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

उरला हाताचा गुण. ‘अमक्याच्या हातानं लावलेलं काहीही जगतं’ हे कौतुक म्हणून ठीक आहे, पण स्पष्टीकरण म्हणून निरुपयोगी. तो अमका काय करतो ते नीट पाहा. तो पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसतो. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतो. वर्षा-दोन वर्षांनी कुंडी उलटी करून मुळं बघतो. नवं झाड आणल्यावर चार दिवस त्याला जागा शोधून देतो. यातलं काय कुणाला जन्मजात मिळालेलं असतं? हाताच्या गुणाची ही कथा दोघांचं नुकसान करते: जाणणाऱ्याच्या मेहनतीला दैवी देणगी ठरवून तिचं मोल कमी करते, आणि न जाणणाऱ्याला शिकण्यापासून सूट देते. झाड मेलं की हात वर करायला तो मोकळा.

म्हणून मी पुन्हा आणि ठासून सांगतो. कॅलेथियाच्या मागण्या ठरलेल्या आहेत, त्या रोज बदलत नाहीत. मुळांना हवा, खिडकीजवळचा गाळलेला उजेड, हलकं पाणी, ओलसर हवा. या मिळाल्या तर ती मुकाट्यानं नवी पानं काढत राहते. यातली एक नाही मिळाली तर ती पानातून सांगते, आणि तिच्याजवळ सांगायला दुसरं काही नाही. ते वाचायची तसदी न घेता तिला नखरेल ठरवणं हा अन्याय आहे, आणि नर्सऱ्यांनी हा अन्याय विक्रीचा भाग करून टाकला आहे. लाल मातीच्या गोळ्यात कोंबलेलं, पॉलीहाऊसच्या दमट हवेतून थेट रस्त्याकडेच्या धुळीत आणून ठेवलेलं झाड ‘दोन दिवसांतून एकदा पाणी घाला’ एवढ्या मंत्रासह विकायचं, आणि ते मेल्यावर दुसरं विकायचं, हा व्यवहार ग्राहकानं चालवून घेता कामा नये.

पानांनी माना टाकल्या तर झारीला हात लावण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर झाड कुंडीतून बाहेर काढा, काळी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, नव्या भुसभुशीत मिश्रणात, मुळांच्या मापाच्या लहान कुंडीत लावा आणि उजेडात ठेवा. पुढच्या वेळी नर्सरीत गेलात की पैसे देण्याआधी पिशवी सरकवून मुळं दाखवायला सांगा. पांढरी आणि टणक असतील तर झाड घ्या. काळी, मऊ, वास मारणारी असतील तर पानं कितीही देखणी दिसोत, ते झाड तिथेच ठेवा आणि का ठेवलं ते नर्सरीवाल्याला सांगून या.